पाच रेघा

मार्गशीर्षातली सकाळ. शहाद्याहून उत्तरेला निघालेला टेम्पो म्हसावदला पोचतो तेव्हा समोरचा सातपुडा अजून धुक्यात आहे. टेम्पोच्या हौद्यात, दोन गोणपाटांच्या मध्ये, तुमच्या घरचा झोपाळा आडवा पडला आहे. जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा तुळया गेल्या, तुळयांबरोबर आकडे गेले आणि झोपाळा गोठ्यात जाऊन पडला. त्याच्यावर आधी कांद्याच्या गोण्या आल्या, मग ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, मग पपईचे क्रेट. तो कोणी टाकून दिला नाही, पण त्याची विचारपूसही कोणी केली नाही. मध्यंतरी जुना माल घेणारा एक जण येऊन गेला. त्याने चारही पितळी सळ्या हातावर तोलून पाहिल्या, पितळेचा भाव सांगितला आणि लाकडाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री तुमचा डोळा लागला नाही. म्हणून आज तुम्ही इथे आहात.

दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेचं पत्र्याचं छप्पर, पुढे मोकळं अंगण. वर धडगाव-तोरणमाळकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ येऊ नये म्हणून पुढे जुन्या साडीचा पडदा लावलेला. आत एका देव्हाऱ्याची दारं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. एका आरामखुर्चीचा नुसता सांगाडा आहे, आणि तिच्यासाठीचा वेत बादलीत भिजत पडला आहे; कोरडा वेत विणायला घेतला तर मोडतो. सगळ्या दुकानाला एक वास आहे: लाकडाचा भुसा, स्पिरिट आणि चुलीवर ठेवलेला सरस. पहिल्यांदा येणाऱ्याला तो उग्र वाटतो, पण थोड्या वेळाने नाकाला त्याची सवय होते.

मिस्तरी साठीचे असतील. ते झोपाळा उतरवून घेतात, दोन लाकडी घोड्यांवर पालथा ठेवतात आणि बोटाच्या पेराने ठोकत कोपऱ्याकोपऱ्यातून आवाज ऐकतात. वाळवीने पोखरलेलं लाकूड बद्द वाजतं. हे तसं वाजत नाही. मग खिशातल्या चाकूने खालच्या अंगाला नखाएवढा रंग खरवडतात आणि तिथे नाक लावतात.

"साग," ते म्हणतात. "आपल्या इकडचाच."

झोपाळ्याचा पाट साडेपाच फूट लांब, दोन इंच जाड. मागे बसणाऱ्याच्या पाठीला कठडा, कठड्यात सात कातीव दांडे. खरं म्हणजे सहाच. पाचव्याच्या जागी नुसतं भोक आहे. तिसरा दांडा जरा जाड आहे, इतरांसारखा त्याला कंगोरा नाही. इतकी वर्षं हा झोपाळा तुमच्या डोळ्यांसमोर होता आणि हे तुम्ही आज पहिल्यांदा पाहताय.

"कॉस्टिक सोडा लावला तर एका दिवसात रंग उतरतो," मिस्तरी सांगतात. "काही जण लावतात. पण साग काळा पडतो, सांधे फुगतात. आपण काचेने काढू."

ते खिडकीच्या जुन्या काचेचा तुकडा घेतात आणि त्याची ताजी कडा मोडून काढतात. ताज्या मोडीची धार रंध्याच्या पात्यापेक्षाही बारीक असते. बोथट झाली की पुन्हा मोडायची. काचेची पाठ कापडात गुंडाळून ते तुकडा तुमच्या हातात देतात आणि नाकाला ओला रुमाल बांधायला सांगतात. रंगावर पाणी शिंपडतात. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. घराच्या रंगात ते दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम 2016 साली झाला, त्याच्या आधीच्या थरांचा भरवसा नाही. रंग कोरडा घासला तर तो फुफ्फुसात जातो. लहान मूल आसपास असेल तर मिस्तरी हे काम हातातच घेत नाहीत.

तुम्ही काच टेकवता आणि आपल्याकडे ओढता. खर्र असा आवाज येतो आणि चॉकलेटी रंगाचं एक सालपट वळत वर येतं.

पत्र्याचं छप्पर आता डोक्यावर नाही. तुम्ही जुन्या घराच्या ओसरीत उभे आहात. साल 1998, दिवाळी चार दिवसांवर. तुमचा काका, मिसरूड फुटलेला, झोपाळ्याला चॉकलेटी ऑइलपेंट फासतोय. कोणाला तुम्ही दिसत नाही. झोपाळ्याखाली रंग सांडू नये म्हणून रद्दीतले पेपर अंथरले आहेत. त्यातला एक जुलैच्या पहिल्या आठवड्यातला आहे, आणि त्यावर वाकून तुम्हाला मथळा वाचता येतो: 1 जुलैपासून धुळ्याचे दोन जिल्हे झाले, नंदुरबार वेगळा. सहा तालुके. ओसरीतल्या खाटेवरचे दोन म्हातारे अजून त्याचंच बोलत आहेत. एका सहीसाठी धुळ्याला जाताना एक अख्खा दिवस जायचा, तो आता वाचेल म्हणतात.

मोठी आई, तुमची आजी, आतून येते. तिचा झोपाळा दोन दिवस ओला राहणार म्हणून ती रागावली आहे. ती रंग वाळला का ते बघायला पुढच्या कडेवर, डाव्या सळीजवळ अंगठा टेकवते. वाळलेला नसतो. ती पदराला अंगठा पुसते आणि आत जाते. काका तो डाग पुन्हा रंगवायला विसरतो.

तुम्ही दचकून पुन्हा दुकानात येता. काच तुमच्या हातात आहे, आणि हाताखाली, डाव्या सळीच्या भोकापासून चार बोटांवर, चॉकलेटी रंगात अंगठ्याचा ठसा आहे. चक्र अगदी स्वच्छ. बाजूने एक भेग.

"ठेवायचा तर आत्ताच सांगा," मिस्तरी म्हणतात. त्यांनीही पाहिला आहे. "तेवढा सोडून बाकीचं काढतो. पण रंग इथून सुटलाय. दोन पावसाळ्यांत पापुद्रा होऊन पडेल."

तुम्ही बराच वेळ काही बोलत नाही. मोबाईल काढून फोटो घेता. मग स्वतःच काच टेकवता. मिस्तरींनी ते केलं असतं तर तुम्हाला जास्त लागलं असतं.

ठशाखाली लाकूड सपाट नाही. तिथे उथळ खोलगटी आहे, लांबट, अंगठा नीट बसेल अशी. रंगाने भरून गेल्यामुळे ती दिसत नव्हती. झोपाळ्यावरून उठताना मोठी आई डाव्या हाताने सळीजवळची कड धरायची आणि अंगठ्यावर भार द्यायची. पण एका बाईच्या अंगठ्याने साग एवढा झिजत नाही. तिच्या आधी तिची सासू तिथेच भार देऊन उठली असेल, आणि त्या सासूचीही सासू.

चॉकलेटीखाली हिरवा आहे. पोपटी नाही, गर्द हिरवा, कडक. काच त्याच्यावरून घसरते.

1973 चा पोळा. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने माणसं इतकी वाळली आहेत की ओळखू येत नाहीत. तुमच्या आजोबांनी वर्षभर रस्त्याच्या कामावर खडी फोडली, घरात लाल मिलोच्या भाकरी झाल्या आणि बैलजोडीतला एक बैल चाऱ्याअभावी विकावा लागला. या वर्षी पाऊस झाला आहे. दारात एकच बैल उभा आहे, पण त्याला न्हाऊ घातलंय, झूल घातली आहे, शिंगांना हिरवा रंग दिलाय. शिंगं रंगवून डब्यात पाव भाग रंग उरला. आजोबा ओसरीत येतात आणि तो झोपाळ्याला लावायला घेतात. रंग पुरत नाही म्हणून दुकानातून आणखी एक डबा येतो.

तुम्हाला त्यांना थांबवावंसं वाटतं, कारण त्या रंगाखाली लाखेचं पॉलिश आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. पण जरा जवळ जाऊन बघा. पॉलिश कुठे उरलंय? धाबं दोन पावसाळे गळत होतं, पाट पांढरा पडला आहे, उजव्या कोपऱ्यात भुंग्याने भोक पाडलंय. पॉलिश करणारा शोधायला आणि त्याला द्यायला आजोबांकडे काही नाही. जे होतं ते त्यांनी लावलं. जुन्या लाकडावर ऑइलपेंट फासणाऱ्या माणसांना आपण आज अडाणी म्हणतो, आणि ते मला पटत नाही. त्या हिरव्या थराने पंचवीस वर्षं पाणी आत जाऊ दिलं नाही. तो थर नसता तर आज मिस्तरींच्या पेराखाली लाकूड बद्द वाजलं असतं.

आजोबा कठड्याशी थांबतात. तिसरा दांडा मोडला आहे. ते गोठ्यातून बाभळीचं एक दांडकं आणतात. कुळवाचा दात बसवून उरलेलं असावं. विळ्याने तासून, दोन्ही टोकं बारीक करून ते भोकात ठोकून बसवतात. कातीव काम त्यांना येत नाही. दांडा घट्ट बसतो. त्यावरही हिरवा रंग फिरतो.

"हाई बाभूळ शे," मिस्तरी तिसऱ्या दांड्यावर चाकूचं टोक रोवत म्हणतात. "हा कोणी बसवला?"

"आजोबांनी."

मिस्तरी दांडा हलवून बघतात. हलत नाही. ते पुढच्या दांड्याकडे वळतात.

दुपारी चहा होतो. दोन्ही रंग निघून गेले आहेत, आणि खाली मधासारख्या रंगाचे पट्टे दिसायला लागले आहेत. मिस्तरी फडक्यावर स्पिरिट घेऊन एका पट्ट्यावर चोळतात. फडकं तपकिरी होतं. लाख असली तर स्पिरिटात विरघळते, तेलरंग विरघळत नाही. जुन्या पॉलिशची परीक्षा एवढीच. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याच्या अंगातून ही लाख येते. ती वितळवून, गाळून, पातळ पापुद्रे केले की चपडा. वरच्या कुठल्याही पाड्यात पळसाला तोटा नाही.

पाटाच्या मधोमध काळी गोल खूण आहे. कशाने तरी भाजल्यासारखी. तुम्ही फडकं तिथे नेता.

कंदील आहे. झोपाळ्यावर कोणी बसलेलं नाही, पाटावर मधोमध कंदील ठेवून ओसरीत दहा-बारा माणसं जमिनीवर बसली आहेत. 10 सप्टेंबर 1942 ची रात्र. तापीला पाणी आहे, तरी प्रकाशा गावापाशी नावेतून पार होऊन एक जण नंदुरबारहून आला आहे. काल तिथे मिरवणुकीवर गोळीबार झाला. तिरंगा धरलेला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम गेले. सांगणारा नावं एकेक करून सांगतो आणि प्रत्येक नावानंतर थांबतो. तुमचे पणजोबा खांबाला टेकून बसले आहेत. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा आहे, साधारण शिरीषकुमारच्याच वयाचा. तोच पुढे शिंगांच्या रंगाने हा झोपाळा रंगवणार आहे. पणजोबांचा हात त्याच्या मनगटावर आहे. कंदिलाची वात चढलेली आहे आणि बूड तापलं आहे. उठून तो खाली ठेवायचं कोणाला सुचत नाही.

मिस्तरी ती खूण बोटाने दाबून बघतात. खोल आहे. "काढायची तर सूतभर रंधा मारावा लागेल."

"राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सांधे उघडायचे असतात, आणि या दिवसासाठीच मी तुम्हाला इथवर आणलं आहे. जुन्या सुतारकामातली खरी किमया सांध्यात असते, आणि सांधा जोडलेला असेपर्यंत ती दिसत नाही. कठड्याच्या आडव्या पट्टीत चौकोनी भोकं आहेत. दांड्याच्या टोकाला त्या भोकात बसेल असं चौकोनी कुसू काढलेलं आहे. मध्ये सरस. हा सरस जनावराच्या कातड्या-हाडांतून उकळून काढतात, आणि त्याचा एक गुण पुढच्या गोंदांना कधी आला नाही: ऊब आणि ओल दिली की तो शंभर वर्षांनीही सुटतो. फेविकॉल 1959 साली आला आणि सुताराचं काम फार सोपं झालं, हे खरंच आहे. पण त्याने जोडलेला सांधा उघडायला गेलात तर बहुतेक वेळा लाकूडच फाटतं. सरसाचा सांधा जोडणाऱ्याला ठाऊक असायचं की कधीतरी कोणीतरी हा उघडणार आहे.

मिस्तरी गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळतात. वाफ निघते. वाट बघतात. मग मोगरीने हळूच, एकदा इकडून, एकदा तिकडून. पहिला दांडा कुईं करून निघतो. कुसवाच्या सपाट बाजूवर पटाशीने मारलेली एक रेघ आहे. पट्टीत, भोकाच्या काठाशी, तशीच एक रेघ.

दुसऱ्यावर दोन रेघा आहेत, काठाशीही दोन. चौथ्यावर चार. बाभळीच्या दांड्यावर काही नाही, पण त्याच्या भोकाच्या काठाला तीन आहेत. आणि ज्याचा दांडा हरवला त्या भोकाशी पाच.

"प्रत्येक कुसू त्याच्या भोकासाठी तासलेलं असतं," मिस्तरी सांगतात. "एकाचं दुसऱ्याला बसत नाही. म्हणून खूण."

तुम्ही बोटाचं टोक त्या एका रेघेवर ठेवता.

1906. याच वर्षी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. छप्पनचा दुष्काळ सरून सहा वर्षं झाली आहेत. लोक त्याला संवताच्या आकड्याने ओळखतात, 1956, आणि नाव काढलं की अजून बोलायचे थांबतात. तुमचे खापरपणजोबा त्यातून वाचले. त्यांच्या दोन बहिणी वाचल्या नाहीत. आता घर सावरलं आहे, कापूस पिकतोय, आणि नंदुरबारला रेल्वे येऊन सहा-सात वर्षं झाल्याने कापसाला सुरतेची वाट उघडली आहे. त्यांनी झोपाळा करायला सांगितला आहे.

सुतार अंगणात निंबाखाली काम करतोय. नांगर-कुळवाचं काम बलुत्यात येतं, झोपाळा येत नाही. याची मजुरी वेगळी ठरली आहे, काही रुपये आणि काही ज्वारी. लाकूड तळोद्याचं. तळोदं तेव्हा खानदेशातला लाकडाचा सर्वांत मोठा बाजार. इंपिरियल गॅझेटियरने त्याची तशीच नोंद केली आहे, रोशा गवताच्या तेलाच्या व्यापाराबरोबर. आणि खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या तिथे होतात, एकेकीला चाळीसेक रुपये पडतात, असंही लिहून ठेवलं आहे. हा ओंडका अशाच एका गाडीतून आला.

दांडे कातण्याचं काम चाललं आहे. जमिनीत रोवलेल्या दोन खुंटांच्या मध्ये, दोन लोखंडी टोकांवर दांडा धरलेला. त्याला दोरीचा एक वेढा. सुताराचा नऊ-दहा वर्षांचा पोरगा दोरी मागे-पुढे ओढतो आणि दांडा एकदा अलीकडे, एकदा पलीकडे फिरतो. अलीकडे फिरताना सुतार हत्यार टेकवतो, पलीकडे फिरताना उचलतो. टेकव, उचल, टेकव, उचल. डोळ्याने बघून हे होत नाही, दोरीच्या आवाजावर होतं. पोराचे हात भरून आले की दोरी लडखडते आणि कंगोऱ्याला बारीक दात पडतो. चौथ्या दांड्यावर तसा दात आहे. तो तुम्ही काल दुकानात पाहिला होता आणि तुम्हाला तो उंदराने कुरतडल्यासारखा वाटला होता.

सातही दांडे झाले. सुतार मांडी घालून बसतो, पाटावर पट्टी आडवी ठेवतो आणि प्रत्येक कुसू भोकात सोडून बघतो. पटाशीने केसाएवढं तासतो. पुन्हा सोडतो. अर्धा दिवस यातच जातो. मग पटाशी उभी धरून, मोगरीच्या एका हलक्या टोल्यासरशी रेघ. एक. दोन. तीन. त्याला लिहिता येत नाही, मोजता येतं. तुम्ही त्याच्या इतक्या जवळ बसला आहात की त्याच्या मानेवरचा घाम दिसतो, आणि त्याचं नाव तुम्हाला विचारता येत नाही. घरात ते कोणी लिहून ठेवलं नाही. पितळी सळ्या कुणाच्या लग्नात कुठून आणल्या ते चार पिढ्या सांगत आल्या. सुताराचं नाव मात्र कोणी सांगत नाही.

पाट अजून तसाच पडला आहे. त्याच्या टोकाला, जिथे लाकूड आडवं कापलंय, तिथे वळ्या दिसतात. सागाच्या वळ्या स्पष्ट असतात. दरवर्षी एक. तुम्ही बाहेरच्या कडेपासून अंगठ्याच्या नखाने मोजायला लागता. छप्पनच्या दुष्काळाची वळी केसासारखी पातळ आहे, जवळजवळ दिसतच नाही. दहा. वीस. छप्पनच्या दुष्काळाची वळी केसासारखी पातळ आहे, जवळजवळ दिसतच नाही. तीस. चाळीस. एकेचाळिसाव्या वळीशी फळी संपते. गाभा पलीकडच्या फळीत राहिला.

आणि पावसाचा आवाज येतो.

सागाच्या पानावर पाऊस पडतो तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ताशा वाजल्यासारखा असतो. तुम्ही तोरणमाळच्या उतरणीवर आहात. साल एखाददुसरं मागे. पाऊस थांबतो तेव्हा एक माणूस कुऱ्हाड घेऊन झाडाशी येतो. पावरा असेल, भिल्ल असेल. हे झाड त्याच्या आजाच्या वेळी बोटाएवढं होतं. त्याच्या आजाला ते तोडायला कोणाची परवानगी लागली नसती. 1878 च्या जंगल कायद्यानंतर हे रान सरकारचं झालं; आता तो ठेकेदाराच्या मजुरीवर आहे आणि ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का उमटल्याशिवाय तो खाली जायचा नाही. या डोंगरातल्या माणसांचा त्यांच्याच रानावरचा हक्क कायद्याने मान्य व्हायला 2006 साल उजाडलं, म्हणजे झोपाळा झाला त्यानंतर बरोबर शंभर वर्षं. तुमच्या घरच्या कुठल्याही गोष्टीत हा माणूस नाही. सुताराचं निदान 'कोणीतरी सुतार' एवढं तरी नाव उरलं.

तो एक कोवळं पान तोडतो आणि तळहातावर चुरगळतो. तळहात लाल होतो, कुंकवासारखा. सागाच्या पानात तो रंग असतो. वरची पोरं खेळताना असे हात रंगवतात. तो लाल हात झाडाच्या बुंध्याला पुसतो आणि कुऱ्हाड उचलतो. पहिला घाव बसण्याआधीच तुम्ही डोळे मिटून घेता.

तिसऱ्या दिवशी पाट उन्हात उभा आहे, उघडा, पिवळसर तांबूस. पॉलिशपेपर आधी 80 नंबरचा फिरला, मग 120, मग 180, प्रत्येक वेळी रेषेच्या दिशेने. आडवा हात पडला तर ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. ओलं फडकं फिरवून लाकडाची लव उभी केली आणि वाळल्यावर 220 ने ती काढली. भुंग्याच्या भोकात सागाच्याच भुशाची आणि सरसाची लापशी भरली. तीच वाटी हातात घेऊन मिस्तरी आता पुढच्या कडेशी, डाव्या सळीजवळच्या खोलगटीवर वाकले आहेत. सवयीने वाकले आहेत. ते तुमच्याकडे बघतात. तुम्ही काही म्हणायच्या आत वाटी खाली ठेवतात.

मला वाटतं, चांगल्या मिस्तरीची परख इथे होते. घासून, भरून, चकाकवून देणारे पुष्कळ आहेत. काचेसारखा तकतकीत थर चढवणारी नवी पॉलिशं आहेत, ती गरम कपाला, पाण्याला दाद देत नाहीत, आणि रोजच्या जेवणाच्या टेबलाला मीही तीच लावून घेईन. पण या पाटाला पुन्हा लाखच हवी. उद्या ओरखडा पडला तर स्पिरिटाचा बोळा फिरवून तेवढाच भाग भरता येतो, सगळं खरवडावं लागत नाही.

रात्रभर स्पिरिटात भिजलेला चपडा सकाळी विरघळलेला असतो, लिटरभराला दीडशे-दोनशे ग्रॅम. मिस्तरी तो तलम कापडातून गाळतात. कापसाचा बोळा धुवट मलमलीत बांधतात, त्यावर लाख घेतात, तळाला जवसाच्या तेलाचं एक बोट. हात पाटावर उतरतो तो चालता-चालता आणि उठतोही चालता-चालता. क्षणभर थांबला तर बोळा चिकटतो आणि खालचा थर उपसून येतो. इंग्रजी आठाच्या आकड्यात हात फिरत राहतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. पहिल्या थराला काहीच दिसत नाही. दहाव्याला लाकडाच्या रेषा ओल्या झाल्यासारख्या वाटतात. हे काम पावसाळ्यात करायचं नाही. दमट हवेत लाख पांढरी पडते. आज हवा कोरडी आहे, पडद्याबाहेर पपईचा ट्रक जातो, आणि मिस्तरी ट्रक पुढे जाऊन धूळ बसेपर्यंत पाटावर ओणवे होऊन थांबतात.

मधल्या वेळात ते टांगायचं बोलतात. "स्लॅबला नुसता आकडा ठोकू नका. तीन माणसं बसून झोका घेतात तेव्हा वजन दुप्पट ओढतं. आरपार भोक पाडून बोल्ट घाला, वर गच्चीवर लोखंडी पट्टी. आणि भोक पाडायच्या आधी आतल्या सळ्या कुठे आहेत ते इंजिनिअरला बघू द्या." तुम्ही हे मोबाईलमध्ये लिहून घेता.

पाचवा दांडा त्यांनी काल कातला. नव्या लाकडाचा नाही. कुठल्याशा पाडलेल्या घराचा सागवानी वासा त्यांनी राखून ठेवला होता. जुनं लाकूड आकसायचं तेवढं आकसलेलं असतं, सांध्यात पुढे ढिलं पडत नाही. मोटारीवर फिरणाऱ्या यंत्राला दोरी ओढणारा पोरगा लागत नाही, त्यामुळे याच्या कंगोऱ्याला कुठे दात नाही. तिसरा बाभळीचा तसाच बसणार आहे. त्याच्यावर पॉलिश वेगळं चढलं आहे, जरा गडद, लांबूनही कळेल असं.

सरस तापला आहे. पहिला दांडा भोकात जातो, दुसरा, तिसरा, चौथा. मिस्तरी पाचवा हातात घेतात, कुसू भोकात सोडून बघतात, काढतात, केसाएवढं तासतात, पुन्हा सोडतात. मग तो तुमच्या मांडीवर ठेवतात आणि पटाशी तुमच्या हातात देतात.

"हत्यार उभं धरा. जोर नको."

पहिली रेघ वाकडी येते. दुसरी जरा खोल. तिसऱ्याला हात बसतो. चौथी. पाचवी. तुमचा अंगठा लाखेने तांबडा झाला आहे आणि त्याचा डाग कुसवाच्या कडेला लागतो. मिस्तरी तो पुसत नाहीत. ब्रशने सरस फिरवतात, दांडा भोकात धरतात आणि मोगरी उचलतात.

तीन टोल्यांत पाचही रेघा आत जातात.